शरीरातून नाटक लिहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

कोरा_कागद

मंडळी, एक शंका आहे. मी एकांकिका लिहितो. वाचनाला बऱ्या वाटतात, लोक हसायच्या जागी हसतात, एखाद्या वाक्याला दादही मिळते. तालमीत उभ्या केल्या की मात्र आडव्या होतात. नट दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला थांबून विचारतो, "हे बोलताना मी करू काय?" मग दिग्दर्शक कुणाला खिडकीशी पाठवतो, कुणाला पाणी प्यायला लावतो. त्या पात्राला तहान लागल्याचं संहितेत कुठेही नसतं.

आता एका नाट्यलेखन कार्यशाळेचं पत्रक हाती आलंय. टेबल-खुर्ची नसेल, सैल कपडे घालून या, हालचालीतून लिहायला शिकवू, असं त्यात म्हटलंय. मी दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस. नाच येत नाही, उजवा गुडघा कुरकुरतो, चार लोकांसमोर झाडाचं सोंग आणायचं म्हटलं तरी घाम फुटतो. नटांचं शिक्षण लेखकांच्या गळ्यात मारताहेत, की खरंच त्यातून कागदावर काही उतरतं? जमिनीवर लोळणं आणि वाक्य सुचणं यांच्या मधे नक्की काय घडतं, हे कुणी सांगेल का?

सध्या अडलेला प्रवेश असा: पहाट. बायको रात्रपाळी करून घरी येते. ती यायच्या आत नवरा घर सोडून निघणार होता, पण त्याला उशीर झाला आणि दारातच गाठ पडली. माझ्याकडे साडेतीन पानं आहेत, दोघं सोफ्यावर बसून बोलतात. सुरुवात: "आज लवकर उठलास?" "झोपच लागली नाही." "का रे?" "असंच."

तिसरी_घंटा

दारात गाठ पडते असं तुम्हीच लिहिलंय आणि मग दोघांना सोफ्यावर नेऊन बसवलंय. कशाला? दार सोडू नका हो.

मी आधी नटी, मग बरीच वर्षं प्रॉम्प्टर (नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच सांगणारी), आता लेखिका. विंगेत संहिता घेऊन बसलं की एक गोष्ट कळते. नट जी वाक्यं हमखास विसरतात, ती बहुतेक वेळा अशी असतात की ती बोलताना शरीराला काही कामच नसतं. चांगल्या नटाचंही तेच होतं. हातात काही असेल, कुणाच्या वाटेत उभं राहायचं असेल, कुणापासून तोंड लपवायचं असेल, की वाक्य आपोआप आठवतं. नटाला जे आठवायला सोपं जातं, ते लेखकाला सुचायलाही सोपं असणार, एवढाच माझा साधा हिशोब.

तुमचा प्रवेश घेऊन सांगते. जमिनीवर खडूने दाराची रेघ मारा, एक माणूस जेमतेम जाईल एवढीच रुंद. एखादा मित्र बोलवा. एक बॅग घ्या आणि ती खरंच जड करा. पुस्तकं भरा, विटा भरा, काहीही. रिकामी बॅग उचलली की हात खोटं बोलतो आणि मग वाक्यही खोटंच येतं. आता तोंड बंद ठेवून प्रवेश करा. तिला आत यायचंय, त्याला बाहेर जायचंय, दार एकाचंच.

मागे कोण सरतं?

ती मागे सरली, त्याला वाट करून दिली, तर तिला आधीपासून माहीत होतं. तो मागे सरला तर ती आत येते आणि त्याची सुटका हुकते. दोघंही हलले नाहीत तर फार जवळ उभे आहेत, आणि नवरा-बायको इतके जवळ बऱ्याच महिन्यांनी आले असतील. तीन वेगळी नाटकं आहेत ही. यातलं कुठलं लिहायचंय हे ठरल्याशिवाय "आज लवकर उठलास?" लिहिताच येत नाही. तुम्ही ते लिहिलंत, कारण सोफ्यावर बसलेल्या माणसांना कुठेच जायचं नसतं.

मग तोच प्रवेश पुन्हा करा. आता बोललात तरी चालेल, पण दुसरा इलाजच उरला नाही तेव्हाच. माझा अंदाज सांगते: रात्रभर काम करून आलेली बाई सवयीने बॅगेकडे हात नेईल. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी हातात घ्यायची सवय असतेच. बॅग हातात आली की वजन कळेल, आणि ते वजन तिला जे सांगेल ते तुमच्या साडेतीन पानांत नाही.

यानंतरचं महत्त्वाचं. थांबलात की लगेच लिहा. पाणी नको, चर्चा नको, "मस्त झालं रे" नको. उभ्या उभ्या, भिंतीला वही टेकवून लिहिलंत तरी चालेल. चर्चा झाली की शरीराला जे कळलेलं असतं ते समजूतदार भाषेत जातं आणि पात्रं पुन्हा नीट बोलायला लागतात.

ही काही माझी शोधलेली युक्ती नाही. क्युबात जन्मलेली नाटककार मारिया इरेने फोर्नेस १९८१ पासून न्यूयॉर्कच्या इंटार या संस्थेत नाटककारांची प्रयोगशाळा चालवायची. तिथे दिवस व्यायामाने सुरू व्हायचा. मग डोळे मिटून पात्र, जागा नजरेसमोर आणायची आणि तिथून थेट कागदावर. बाई मूळच्या चित्रकार, त्यामुळे चित्र काढायलाही लावायच्या. त्यांचा विद्यार्थी निलो क्रूझ याला २००३ साली नाटकासाठी पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे नटांचं शिक्षण लेखकांच्या गळ्यात मारलंय असं नाही. लेखिकेने लेखकांसाठी काढलेली वाट आहे ती.

नटांकडून उसनं घेण्यासारखंही बरंच आहे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की शेवटच्या वर्षांत (तो १९३८ मध्ये वारला) नटांना संहिता पाठ करू न देता आधी प्रवेशातल्या कृती क्रमाने करायला लावायचा, शब्द आपापले. लेखकाने हेच करून शब्द ठेवून घ्यायचे. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक नाटकात आला तो शारीरिक शिक्षणातून. १९५६ मध्ये त्याने पॅरिसला शाळा काढली, आणि माणसामाणसांतलं सगळं नाट्य तो ढकलणं आणि ओढणं या दोन क्रियांपर्यंत आणून ठेवायचा. तुमचं कुठलंही पान काढा आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहा: ढकलतोय की ओढतोय? "असंच" या शब्दासमोर काय लिहाल?

झाडाचं सोंग आणायला लावलं तर आणा. त्याने कुणी मेलेलं नाही.

जुना_प्रेक्षक

तिसरी घंटाबाई, लिहिलंय छान, पण मला थोडं भांडायचंय. हे शरीर-शरीर ऐकून कान किटलेत. हल्ली नाटकाला जावं तर पाच जण काळे कपडे घालून एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खाली उतरल्यावर जे वाक्य बोलतात ते आठवीतल्या निबंधातलं असतं. वाक्य लिहिणं ही कला आहे, ती लोळून येत नाही. खुद्द भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाणीलाच नाट्याची तनू, म्हणजे शरीर, म्हटलंय. अंग, नेपथ्य, सत्त्व (मनातला भाव) या गोष्टी त्या वाक्याचा अर्थ उजळवायला. क्रम बघा.

आणि आयरिश नाटककार बेकेटचं काय? त्याच्या १९६१च्या नाटकात बाई पहिल्या अंकात कंबरेपर्यंत आणि दुसऱ्या अंकात मानेपर्यंत जमिनीत गाडलेली आहे. तिथे कुठली आली हालचाल? शब्दच शब्द. तरी माणूस हलत नाही जागचा. प्रेक्षकाबद्दल बोलतोय मी.

तिसरी_घंटा

काळ्या कपड्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः अशा एका प्रयोगात चढले-उतरलेय.

भरतमुनींशीही माझं भांडण नाही. वाक्य पहिलं हे मान्य. ते कुठून आणायचं एवढाच प्रश्न आहे.

बेकेटचं उदाहरण मात्र तुम्ही माझ्या हातात दिलंत. पहिल्या अंकात त्या बाईचे हात मोकळे आहेत. पिशवी आहे, टूथब्रश आहे, आरसा आहे, छत्री आहे. ती दोन शब्द बोलते, थांबते, काहीतरी उचलते, पुन्हा बोलते. वाक्यं त्या वस्तूंभोवती तुटतात. दुसऱ्या अंकात हात गेले, उरले डोळे आणि तोंड, आणि बोलण्याचा पोतच बदलला. शरीराचा किती भाग वापरता येईल हे लेखकाने आधी ठरवलं आणि भाषा त्यातून कापली. हालचाल काढून घेणं हाही हालचालीचाच हिशोब.

लांब स्वगतं लिहिणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. स्वगत हातात घेऊन मोठ्याने वाचत चाला. प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदला: स्वल्पविराम आला, वळा; पूर्णविराम आला, थांबा आणि वळा. आवाजाचे शिक्षक नटांकडून हे करून घेतात, लेखकाने स्वतःच्या लिखाणावर करायचं. कुठे पाय एकाच जागी गरगर फिरतात ते लगेच कळतं. तिथे विचार पुढे जात नसतो, नुसती शब्दांची आरास असते. आणि जिथे न वळता सरळ भिंतीपर्यंत जाता, ते वाक्य सहसा ठेवायचं असतं.

एक सांगायचं राहिलं, कोरा कागद यांच्यासाठी. या सगळ्यातून जे सापडेल ते रंगसूचनेत ओतू नका. "ती दोन पावलं मागे सरते, पदराने घाम पुसते, डाव्या हाताने बॅग घेते": हे वाचून दिग्दर्शक पहिल्या दिवशी पेन्सिल काढतो आणि त्याचं बरोबर आहे. जी कृती काढली तर पुढचं वाक्य कळणारच नाही, तेवढीच ठेवा. वजन कळल्यावर ती बोलणार असेल तर बॅग घेणं ठेवा. घाम जाऊ दे. नटाला घाम त्याचा त्याला येईल.

डावी_विंग

रंगसूचनांबद्दल एक अपवाद नोंदवतो. ऑस्ट्रियन लेखक पीटर हांडकेचं १९९२चं एक नाटक आहे, त्यात संवाद जवळजवळ शून्य, सगळी संहिता म्हणजे एका चौकातून जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांच्या हालचालींचं वर्णन. पण तसं लिहायला हांडके असावं लागतं. तुम्ही-आम्ही पेन्सिलीला घाबरलेलं बरं.

मी लिहितोय ते गुडघ्यासाठी. मला पाठीमुळे फार वेळ उभं राहता येत नाही, बरंचसं काम खुर्चीत बसूनच होतं. कामी आलं ते लाबान. रुडॉल्फ लाबान हा नृत्याचा माणूस, पण १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याने कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचालींवर काम केलं आणि त्यातून शरीराच्या जोराची वर्गवारी पक्की झाली. प्रश्न तीन: जोर भारी की हलका, वेग झटक्याचा की सावकाश, दिशा थेट की भटकती. त्यांच्या जुळणीतून आठ क्रिया निघतात. आपल्या भाषेत: दाबणं, ठोसणं, पिळणं, सपकारणं, सरकवणं, टिपणं, झटकणं, तरंगणं.

हे सगळं एका हाताने, मांडीवर, बसल्या जागी करता येतं. तुमचंच "आज लवकर उठलास?" घ्या. तळहात मांडीवर सावकाश जोरात दाबत म्हणा. मग बोटांनी धूळ झटकल्यासारखं करत म्हणा. मग ओला कपडा पिळल्यासारखं. पिळताना ते वाक्य तेवढंच राहत नाही, हे बघा. तोंडातून "आज लवकर... म्हणजे झोपलाच नव्हतास का, की..." असं काहीतरी यायला लागतं, कारण पिळणारी माणसं वाक्य सरळ संपवत नाहीत, परत फिरून येतात. टिपणारी माणसं तुटक बोलतात. ठोसणाऱ्यांच्या वाक्यात क्रियापद आधी येतं.

मी पात्र सुचलं की त्याला यातली एक क्रिया देतो आणि त्या हाताने पानभर बोलून फोनवर रेकॉर्ड करतो. उतरवून घेताना निम्मं फेकतो. सावध राहायचं ते एका गोष्टीपासून: एक पात्र, एक क्रिया, शेवटपर्यंत, असं केलं की व्यंगचित्र होतं. आयुष्यभर टिपत आलेली बाई एका वाक्याला दाबते, तिथे प्रवेश वळतो. मी तर आधी ते वळण कुठे येणार ते शोधतो, बाकीचं नंतर.

आणि बंगाली नाटककार बादल सरकारांचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. व्यवसायाने नगररचनाकार. आधी चौकटीच्या रंगमंचासाठी शब्दप्रधान नाटकं लिहिली, मग सत्तरच्या दशकात नेपथ्य, प्रकाश सगळं कमी करत 'तिसरी रंगभूमी' या आपल्या साध्या, विनाचौकटीच्या नाटकाकडे गेले आणि नटांच्या देहांवर नाटक उभं केलं. जुना प्रेक्षक यांनी त्या संहिता वाचून पाहाव्यात. वाक्यं आठवीच्या निबंधातली नाहीत.

जुना_प्रेक्षक

बादल सरकार मान्य. ते आधी वाक्य लिहायला शिकले आणि मग नेपथ्य फेकलं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. कार्यशाळा पुढच्या महिन्यात आहे, पण मला दम निघेना. काल ऑफिसमधल्या एका मित्राला घरी बोलावलं, खडूची रेघ मारली, बॅगेत जाडजूड पुस्तकं भरली. तो नवरा, मी बायको. (हसू नका.) पहिल्या फेरीत दोघंही हसत होतो. नंतर तो खरंच दारात आडवा उभा राहिला आणि मला खरंच राग आला. लगेच उभ्या उभ्या लिहिलं ते असं:

ती : सरक.

(तो सरकत नाही.)

ती : दे इकडे. (बॅग घेते. हात खाली जातो.) एवढं काय भरलंयस?

तो : पुस्तकं.

ती : तू कधीपासून वाचायला लागलास?

तो : किल्ली फ्रिजवर ठेवलीय.

ती : कुठली?

तो : माझी.

साडेतीन पानांतलं दीड पान यात गेलं असं वाटतंय. पण दोन प्रश्न पडलेत. एक, "पुस्तकं" हा शब्द मित्राचा आहे. बॅगेत पुस्तकं होती म्हणून तो बोलून गेला. नाटक माझं म्हणून लावायचं तर हे चालतं का? दोन, यापुढे तो "मी तुला नंतर फोन करीन" असं म्हणतो आणि निघून जातो असं लिहिलंय. ते कुठेतरी खटकतंय, पण का ते कळत नाही.

तिसरी_घंटा

मित्राचं आधी. एका शब्दाने कुणी सहलेखक होत नाही, पण पुढे असंच काम करणार असाल तर सुरू करण्याआधीच सांगून टाका: इथे जे बोलशील ते मी वापरू शकतो, चालेल ना? आणि संहितेच्या पहिल्या पानावर त्याचं नाव घालून आभार माना. पानंच्या पानं त्याच्या तोंडातून यायला लागली तर मात्र बसून नीट ठरवा, लेखक म्हणून कोणाकोणाची नावं लावायची ते. गटाने मिळून उभ्या केलेल्या नाटकांत यावरून मैत्र्या तुटताना पाहिल्यात मी. प्रयोग गाजला की सगळ्यांना आपापली वाक्यं आठवतात.

"तू कधीपासून वाचायला लागलास?" मला फार आवडलं. एवढ्याशा प्रश्नात दोघांची वर्षं दिसली.

आता फोन. खटकणारच, कारण तुम्ही दार सोडून परत टेबलाशी गेलात. बघा ना, बॅग कोणाकडे आहे? तिच्याकडे. तिने घेतली आणि मग तुम्ही बॅगेला विसरलात. त्याला निघायचंय, दार मोकळं करायचंय आणि सामान तिच्या हातात आहे. अशा माणसाला फोनबिन सुचत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा: बॅग मागायची किंवा बॅगेशिवाय जायचं. मागितली तर जाण्याची परवानगीच मागितल्यासारखं होतं. न मागता गेला तर त्या पुस्तकांचं ती काय करते, हा पुढचा प्रवेश झाला.

यातलं कुठलं ते वहीत ठरवू नका. मित्राला पुन्हा बोलवा. या वेळी बायको त्याला करा आणि सांगा, काहीही झालं तरी बॅग सोडायची नाही. तुम्ही तोंड न उघडता ती परत मिळवून दाखवा. हिसकावून चालणार नाही. गुडघा सांभाळा, आणि वही आधीच भिंतीपाशी उघडून ठेवा.